विश्लेषण : घर सजवण्याच्या नव्या खेळात आपले घर मावेल का?

‘पॅरालाइव्ह्ज’ या बहुप्रतीक्षित व्हिडीओ गेमचे नवे तपशील समोर आले आहेत. आखीव चौकोनांपासून सुटका, हव्या त्या मापाच्या वस्तू आणि पुढचे सगळे विस्तार मोफत, अशी त्याची आश्वासने आहेत. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका जुन्या चाहत्याला त्यातून काय दिसते?

गेल्या उन्हाळ्यात मेहकर तालुक्यातल्या आमच्या गावी चुलतभावाचे घरकुल मंजूर झाले. आजोबांचे धाब्याचे घर पाडून त्याच जागेवर ते उभे राहणार होते. मी लॅपटॉप घेऊन गेलो होतो. ‘द सिम्स ४’ या खेळात मी त्याला ते घरकुल बांधून दाखवले. दार, खिडक्या, स्वयंपाकाची जागा, कपाट, पलंग, सगळे जागच्या जागी. भाऊ खूश झाला. मोठी आई मागे उभी राहून पाहत होती. तिने एकच प्रश्न विचारला, ‘‘अन् बापू, मी गहू निवडाले बसू कुठी?’’

त्या प्रश्नाचे उत्तर खेळात नव्हते आणि आमच्या नकाशातही नव्हते. तेव्हापासून घर सजवण्याच्या कोणत्याही नव्या खेळाची बातमी आली की मी तो प्रश्न सोबत घेऊनच ती वाचतो.

हा खेळ नेमका काय आहे?

‘पॅरालाइव्ह्ज’ हा माणसांचे रोजचे जगणे उभे करणारा खेळ आहे. त्यात शत्रू नाहीत, बंदुका नाहीत. माणसे घडवायची, त्यांच्यासाठी घर बांधायचे, ते सजवायचे आणि त्यांना त्यात नांदवायचे. कॅनडातील अ‍ॅलेक्स मासे यांनी २०१९ मध्ये त्याची घोषणा केली. मोठ्या कंपनीचे भांडवल न घेता चाहत्यांच्या दरमहा वर्गणीवर हा प्रकल्प वाढत गेला आणि त्याभोवती एक छोटा संघ तयार झाला. खेळ विंडोज आणि मॅक संगणकांवर ‘स्टीम’ या दुकानातून मिळणार आहे. तो एकट्याने खेळायचा आहे.

या प्रकारातला आद्य खेळ म्हणजे अमेरिकेतील विल राइट यांचा ‘द सिम्स’. तो फेब्रुवारी २००० मध्ये आला. त्यामागची हकिकत चाहत्यांना ठाऊक असते, पण इथे सांगण्याजोगी आहे. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या टेकड्यांवर मोठी आग लागली. तीत राइट यांचे घर जळाले. संसार नव्याने मांडताना कोणती वस्तू का लागते, कोणती आधी लागते, याचा विचार त्यांच्या मनात सुरू झाला. खेळाची पहिली कल्पना तर केवळ घर बांधण्याचीच होती. त्यात राहणारी माणसे आली ती बांधलेले घर चांगले की वाईट हे कळावे म्हणून. पुढे तीच माणसे खेळाचा मुख्य भाग झाली. थोडक्यात, घर सजवण्याच्या खेळांची ही सगळी परंपरा एका गमावलेल्या घरापासून सुरू झाली आहे.

नवे तपशील कोणते?

पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा तपशील भिंतींचा. ‘सिम्स’मध्ये जमीन चौकोनांत आखलेली असते आणि भिंत त्या रेषांवर किंवा त्यांच्या कर्णावर उभी राहते. ‘पॅरालाइव्ह्ज’मध्ये हे बंधन नाही. भिंत हव्या त्या कोनात आणि हव्या त्या लांबीची काढता येते, गोलाईही देता येते.

दुसरा तपशील मापांचा. खिडकी, टेबल, सोफा, पलंग यांसारख्या वस्तू ओढून लांब, रुंद किंवा ठेंगण्या करता येतात. तिसरा रंगांचा. ठरावीक पाच-सहा रंगांतून निवडण्याऐवजी रंगचक्रातून कोणतीही छटा घेता येते आणि पृष्ठभागाचा पोतही बदलता येतो. चौथा तपशील पातळ्यांचा. एकाच मजल्यावर जमिनीची उंची कमी-जास्त ठेवता येते. पाचवा म्हणजे खेळाडूंनी स्वतः तयार केलेल्या वस्तू खेळात घालण्याची मुभा.

हे सारे ऐकायला तांत्रिक वाटते. पण घराचा वापर या पाच गोष्टींवरच ठरतो.

तारीख का लांबली?

खेळ ८ डिसेंबर २०२५ रोजी येणार होता. नोव्हेंबरमध्ये तो पुढे ढकलला गेला आणि २५ मे २०२६ ही नवी तारीख जाहीर झाली. चाचणीसाठी खेळलेल्यांच्या प्रतिक्रियांनंतर हा निर्णय झाला. घर बांधण्याचा भाग भक्कम असला तरी घराबाहेरच्या जगण्यात भर घालणे आणि दोष काढणे गरजेचे होते. चाहत्यांनी कुरकुर केली, मीही केली. पण अर्धवट खेळ बाजारात आणून वर्षभर दुरुस्त्या पाठवत बसण्यापेक्षा हे बरे.

मे महिन्यातही जे येईल ते ‘अर्ली अ‍ॅक्सेस’ या स्वरूपात. म्हणजे खेळ पूर्ण होण्याआधीच विकत घ्यायचा आणि तो घडत असताना खेळायचा. पाळीव प्राणी, मोटारी, ऋतू व हवामान अशा गोष्टी नंतर टप्प्याटप्प्याने येणार आहेत. ज्याला पुरा खेळ हवा त्याने थांबलेले बरे. आपल्याकडे २५ मेच्या सुमारास रोहिणी लागतात आणि सगळ्यांचे डोळे आभाळाकडे असतात. खेळातला पाऊस मात्र त्यानंतरच येईल.

पैशांचे गणित काय?

जाहीर किंमत ३९.९९ डॉलर आहे. सरळ रूपांतर केले तर साडेतीन हजार रुपयांच्या आसपास. ‘स्टीम’वर अनेक खेळांना भारतासाठी वेगळा, कमी दर असतो. त्यामुळे प्रत्यक्ष आकडा विक्रीच्या पानावर पाहूनच ठरवावे. आपल्या भाषेत सांगायचे तर २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. म्हणजे हा खेळ हमीभावाने विकलेल्या ६५ किलो सोयाबीनचा झाला. सोयाबीनवर चालणाऱ्या घरात ही रक्कम लहान नाही.

मग यात नवे काय? नवे हे, की पुढचे सगळे विस्तार मोफत देण्याचे निर्मात्यांनी जाहीर केले आहे. ‘सिम्स ४’चे गणित उलटे आहे. २०१४ मध्ये आलेला हा खेळ ऑक्टोबर २०२२ पासून मोफत मिळतो. पण त्यात भर घालणारे सारे पॅक मूळ किमतीला घ्यायचे ठरवले तर एकूण खर्च हजार डॉलरच्या वर जातो. एक पॅक स्वयंपाकघराच्या वस्तूंचा, एक बागेचा, एक ऋतूंचा. सवलतीच्या दिवसांत ते स्वस्त होतात हे खरे, पण घराची एकेक खोली हप्त्याने विकत घेतल्यासारखे वाटते. वर्षानुवर्षे खेळणाऱ्याला ‘एकदाच पैसे’ हा शब्द मोठा वाटतो, तो त्यामुळे.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केल्यापासून ‘गेम’ म्हटले की अनेक पालक दचकतात. तो कायदा पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घालतो. ‘पॅरालाइव्ह्ज’ हा एकदा विकत घेऊन एकट्याने खेळायचा खेळ आहे. त्यात डाव नाही, जिंकायची रक्कम नाही.

वऱ्हाडातले घर यात मावेल का?

जिल्ह्यात जुन्या घरांची वाट दोन टोकांना लागली आहे. एका टोकाला सिंदखेड राजा येथील लखुजी जाधवांचा वाडा. जिजाऊंचे जन्मस्थान म्हणून तो टिकला, दर १२ जानेवारीला तिथे हजारो लोक येतात. दुसऱ्या टोकाला घाटावरच्या आणि घाटाखालच्या गावांतली साधी धाब्याची घरे. त्यांना कोणी स्मारक म्हणत नाही. दोन भावांत वाटणी झाली, पावसाळ्यात भिंत खचली किंवा घरकुल मंजूर झाले की ती जातात. त्यांचा नकाशा कुठल्या कचेरीत नसतो आणि बहुतेकांचा नीट फोटोही नसतो. लग्नाच्या फोटोत मागे दिसते तेवढीच भिंत उरते.

आमचे घर असेच होते. मातीच्या दोन-अडीच फूट जाड भिंती. लाकडी खांबांवर तुळया, त्यावर कड्या, वर पाला-काटक्या आणि त्यावर मातीचा थर. अंगणातून एक पायरी चढले की ओसरी, ओसरीतून उंबरठा ओलांडून आणखी वर गेले की माजघर. भिंतीत कोनाडे, त्यातल्या एकात देव. चुन्यात नीळ टाकून रंगवलेल्या भिंती, खाली गेरूचा पट्टा. मागे न्हाणी आणि तिच्या पाण्यावर वाढलेली केळ.

हे घर ‘सिम्स ४’मध्ये उभे करायचा मी तीनदा प्रयत्न केला. घराची एक भिंत शेजारच्या बोळाप्रमाणे तिरपी गेलेली होती. खेळातल्या चौकोनांनी तिला एक तर सरळ केले किंवा थेट ४५ अंशांत वळवले. माझ्या घराचा कोन त्या दोन्हींच्या मधला होता. सरळ केल्यावर जे दिसले ते कोणाचेही घर असू शकत होते.

आता नवे तपशील पुन्हा वाचून पाहू. भिंत कोणत्याही कोनात काढता येते, म्हणजे बोळाला लागून गेलेली तिरपी भिंत जमेल. एकाच मजल्यावर पातळ्या बदलता येतात, म्हणजे अंगण, ओसरी, माजघर ही चढण जमेल. वस्तू ठेंगणी करता येते, म्हणजे चहाच्या टेबलाचा पाट किंवा चौरंग होईल आणि छोट्या कपाटाचे देवघर. कोणतीही छटा घेता येते, म्हणजे निळीचा तो फिका रंग आणि गेरू मिळेल. पाट, ओसरी किंवा निळीचा चुना निर्मात्यांच्या डोळ्यांसमोर असण्याचे काही कारण नाही. त्यांनी फक्त खेळाडूच्या हातावरची बंधने सैल केली. आपले घर त्या सैल झालेल्या जागेतून आत येऊ शकते.

भारतीय घर खेळांत का दिसत नाही?

भारत अगदीच दिसत नाही असे नाही. मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवर बेतलेला कपड्यांचा एक छोटा संच ‘सिम्स ४’मध्ये २०२१ साली आला. म्हणजे आपले कपडे पोहोचले, घर पोहोचायचे आहे. जमिनीवर बसून जेवायची बैठक त्याच खेळात मिळते, पण ती जपानी पद्धतीची आणि ‘स्नोई एस्केप’ या विकत घ्यायच्या पॅकमध्ये. ज्याच्याकडे तो पॅक नाही त्याची माणसे जेवायला खुर्चीवरच बसणार.

याचे कारण द्वेष किंवा दुर्लक्ष एवढेच नाही. अशा खेळात वस्तू म्हणजे नुसते चित्र नसते. खुर्ची म्हटली की तिच्यावर बसण्याची हालचाल, उठण्याची हालचाल, बसून बोलण्याची, जेवण्याची हालचाल असे सगळे तयार करावे लागते. पाटाचे चित्र काढणे सोपे आहे, पाटावर मांडी घालून बसलेला माणूस घडवणे कष्टाचे. खर्च तिथे होतो आणि तो कुठे करायचा हे ग्राहक कुठे आहे त्यावर ठरते. भारतातला बहुसंख्य खेळाडू मोबाइलवर आणि मोफत खेळतो. संगणकावरचा महागडा खेळ विकत घेणारा इथला ग्राहक अजून थोडका आहे.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी : अ‍ॅन एन्शण्ट एपिक’ हा खेळ आणला. भारतीय किल्ले, महाल, मंदिरे यांचे देखणे रूप त्यात जगाने पाहिले. म्हणजे कौशल्य महाराष्ट्रात आहे. फक्त आपल्याकडेही खेळात आधी महाल येतो. ओसरीची पाळी यायची आहे.

बाकीचे पर्याय काय?

दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन कंपनीचा ‘इनझॉय’ मार्च २०२५ मध्ये आला. भारतात ही कंपनी ‘बीजीएमआय’मुळे घरोघरी माहीत आहे. ‘इनझॉय’ची घरे छायाचित्रासारखी खरी दिसतात, पण त्यासाठी स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेला ताकदवान संगणक लागतो. कॉलेजच्या कामासाठी घेतलेल्या साध्या लॅपटॉपवर तो नीट चालण्याची आशा नको.

‘हाउस फ्लिपर’ या पोलंडच्या खेळात पडकी घरे साफ करून, रंगवून विकायची असतात. ‘अनपॅकिंग’ या ऑस्ट्रेलियन खेळात एका मुलीचे सामान खोक्यांतून काढून प्रत्येक नव्या घरात लावायचे असते. सामान लावता लावता तिचे आयुष्य कळत जाते. बदलीच्या नोकरीतल्या कुटुंबात वाढलेल्याला तो चटकन भिडेल. पण नव्याने भिंत घालायची मोकळीक त्यात नाही. ‘पॅरालाइव्ह्ज’चे चित्र साधे, हाताने रंगवल्यासारखे आहे. ज्यांना छायाचित्रासारखे घर हवे त्यांना ते कदाचित आवडणार नाही. मला त्यात माझे घर ओळखू आले म्हणजे पुरे.

खेळातल्या घराचा खऱ्या घराला उपयोग काय?

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आहे, म्हणजे साधारण २७० चौरस फूट. त्यात स्वयंपाकाची स्वच्छ जागाही धरलेली आहे. सपाट भागात मूळ अनुदान १ लाख २० हजार रुपये. एवढ्या जागेत आणि एवढ्या पैशांत चूक परवडत नाही. एक दार चुकीच्या भिंतीत पडले तर पलंग लावायला जागा उरत नाही आणि ती चूक पुढची तीस वर्षे घरात राहते.

खेळातला एक चौकोन म्हणजे एक मीटर असे धरून आम्ही पाच बाय पाचची खोली आखली होती. कागदावरचा नकाशा भावाला कळत होता, मोठ्या आईला नाही. पडद्यावरच्या घरात मात्र ती फिरली आणि आपली जागा नाही हे तिने अर्ध्या मिनिटात ओळखले. गहू निवडायला, शेंगा फोडायला, शेजारणीशी बोलायला, उन्हाळ्यात रात्री पाठ टेकायला तिला ओटा हवा होता. जुन्या घरात ते काम ओसरी करायची. आम्ही सोफा काढला, दार दोन फूट सरकवले आणि बाहेर उत्तरेच्या अंगाला ओटा धरला. गवंड्याला तोच नकाशा दिला.

आज घरकुल उभे आहे आणि ओट्यावर दुपारी सावली असते. हे काम एखाद्या अनुभवी गवंड्याने किंवा अभियंत्याने कागदावर याहून चांगले केले असते. घरकुलासाठी कोणी साडेतीन हजारांचा खेळ विकत घ्यावा, असे माझे मुळीच म्हणणे नाही. म्हणणे एवढेच की जिला नकाशा वाचता येत नाही तिलाही घराबद्दल मत असते, आणि ते मत भिंत उभी राहण्याआधी विचारता येते.

तर मग वाट पाहावी का?

पाहावी, पण डोळे उघडे ठेवून. पहिल्या दिवशी खेळ उघडल्यावर मी तीन गोष्टी तपासणार आहे. माणूस जमिनीवर बसतो का? ओट्यासारख्या उंचवट्याचा तो बसायला उपयोग करतो का? आणि बाहेरून आलेला पाहुणा दारातच थबकतो की बसायला जागा पाहतो? या तिन्हींची उत्तरे नकारार्थी आली तर घर हुबेहूब दिसेल, पण त्यात माझी माणसे राहणार नाहीत. मग खेळाडूंनी केलेल्या वस्तूंवर भिस्त ठेवावी लागेल. तिथे मराठी मुलांना मोठी संधी आहे. कोणी चूल करील, कोणी बंगई, कोणी तुळशीवृंदावन. खामगाव-चिखलीच्या कॉलेजांत संगणक शिकणाऱ्यांना हे अशक्य नाही.

त्याआधी एक काम मात्र कोणत्याही खेळाशिवाय करता येते. गावाकडचे जुने घर अजून उभे असेल तर मीटरटेप घेऊन जा. भिंतींची लांबी, जाडी, दारांची उंची, ओसरी किती पायऱ्यांवर, कोनाडे कुठे, हे वहीत लिहा. प्रत्येक खोलीचे चार बाजूंनी फोटो काढा आणि तिथे कोण झोपायचे, काय ठेवले जायचे, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून घ्या. आमच्या घराची मापे घ्यायला मी गेलो तेव्हा दोन भिंती पडलेल्या होत्या. त्या भिंतींची मापे आता फक्त मोठ्या आईच्या हाताच्या अंदाजात आहेत. २५ मेनंतर मी तिला शेजारी बसवून ती भिंत काढणार आहे.